एक भाषा, दोन लिप्या

शहाडला लागून उल्हासनगर. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत उतरलेल्या सिंधी कुटुंबांची ही वस्ती. १९४९ साली तिला आजचं नाव मिळालं. इथल्या कितीतरी घरांत आजोबांची सिंधी अरबी वळणाच्या लिपीत, उजवीकडून डावीकडे. नातू सिंधी लिहीत असलाच तर देवनागरीत. बोलताना अडत नाही, पण आजोबांचं पत्र नातवाला वाचता येत नाही. या पेचावर संकेतस्थळांच्या एका सॉफ्टवेअरमध्ये तोड आहे, आणि तिचं कूळ चिनी आहे.

विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी मुक्त सॉफ्टवेअर आहे. कोड कुणीही वाचावा, बदलावा. चीनमधले लोक सरलीकृत चिन्हांत लिहितात, तैवान आणि हाँगकाँगचे पारंपरिक चिन्हांत. त्यामुळे सुरुवातीला चिनी विकिपीडियाचे व्यवहारात जणू दोन तुकडे झाले होते. २००४-०५च्या सुमारास स्वयंसेवकांनी मीडियाविकीतच लिपी बदलणारा भाग बसवला. लेख साठवायचा एकदाच, जसा लिहिला तसा; वाचक जी लिपी निवडेल तीत तो पान उघडताना बदलून दाखवायचा.

मेख होती ती एकास एक चिन्ह नसण्यात. डोक्यावरचे केस आणि 'धाडणे' यांना पारंपरिक लिपीत दोन वेगळी चिन्हं आहेत. सरलीकृत लिपीत दोन्हींचं मिळून एकच, 'फा'. उलट जाताना यंत्राने कुठलं घ्यायचं? म्हणून अख्ख्या शब्दांच्या याद्या केल्या, आणि जुळणारा सगळ्यात लांब शब्द आधी बदलायचा असं ठरलं. तरीही चुकेल तिथे लिहिणाऱ्याने हायफन आणि महिरपी कंसाची खूण घालायची: एवढा मजकूर बदलू नकोस. शेवटचा शब्द माणसाकडे ठेवला, हे मला या रचनेतलं सगळ्यात मोलाचं वाटतं. पुढे सर्बियन भाषेने सिरिलिक आणि रोमनसाठी हीच सोय घेतली.

सिंधीसाठी देवनागरी संगणकावर पुरती सज्ज व्हायलाच वेळ लागला. श्वास आत घेत उच्चारायचे चार वर्ण, ॻ ॼ ॾ ॿ, युनिकोडमध्ये आले २००६ साली. त्याआधी ग, ज, ड, ब यांच्याखाली रेघ देऊन भागवावं लागे. लिप्यंतर तर चिनीइतकंच अवघड. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत, तेव्हा देवनागरीत आणताना ते ओळखावे लागतात. उलट दिशेने देवनागरीतल्या एका 'ज़'साठी ज़ाल, ज़े, ज़्वाद, ज़ो अशी चार अक्षरं समोर उभी राहतात. दोन्हीकडून शब्दांची यादी हवीच.

सिंधी विकिपीडिया आज अरबी लिपीत आहे. त्याला देवनागरीची जोड द्यायची तर दोन्ही लिप्या सहज वाचणारी माणसं लागतील, आणि अशा माणसांची पिढी आता थकत चालली आहे. त्यांना संगणक येत नसला तरी चालेल. वहीत रेघ मारून एका बाजूला अरबी लिपीतला शब्द, दुसऱ्या बाजूला देवनागरीतला, एवढं त्यांनी लिहून द्यावं.