नऊ पायांची चिप आणि तिचा बेस

लॅमिंग्टन रोडवर सॉकेटला सॉकेट म्हणत नाहीत, 'बेस' म्हणतात. दिल्लीचं लाजपतराय मार्केट, बंगळुरूचा एस. पी. रोड किंवा चेन्नईची रिची स्ट्रीट, कुठेही 'आयसी बेस' मागितला की दुकानदार एकच प्रश्न विचारतो : किती पिनचा? आठ, चौदा, सोळा, अठ्ठावीस, चाळीस. एवढ्यात व्यवहार संपतो. भाषांतरावर पोट असलेल्या माझ्यासारखीला अशा निर्विवाद शब्दसंग्रहाचा थोडा हेवाच वाटतो.

या आकड्यांच्या मागे १९६४ साल आहे. त्या वर्षी फेअरचाइल्ड कंपनीत दोन समांतर रांगांत पाय असलेलं, चौदा पायांचं चिपचं घर तयार झालं. दोन शेजारच्या पायांत इंचाचा दहावा भाग, म्हणजे २.५४ मिलिमीटर अंतर. पुढे सगळ्या जगाने हेच माप उचललं आणि बेस हा त्या मापाचा साचा झाला. कथलाने बोर्डाला जोडायचा तो बेस. चिप त्यात नुसती दाबून बसवायची, बिघडली की हलकेच उचकटून काढायची. चिपला गरम सोल्डरिंग आयर्नचा चटका नाही आणि बोर्डावरचे तांब्याचे पट्टे उखडण्याची भीतीही नाही.

घरी सिंथेसायझर बांधणाऱ्यांना हव्या असलेल्या चिप्स मात्र पुष्कळदा या मापात बसत नाहीत. कुणी तरी स्वतःच्या एखाद्या यंत्रासाठी त्या बनवल्या, दहा-वीस वर्षांत ते यंत्र बंद पडलं, चिप मागे राहिली. आवाज हवा तर तीच चिप हवी. आणि तिला बसायला जागा हवी.

मी या भानगडीत शिरले ती चरणजित सिंग यांच्या तबकडीमुळे. 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' १९८२ साली मुंबईत निघाली. जुपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३ या रोलँड कंपनीच्या तीन यंत्रांवर त्यांनी दहा राग वाजवले. तेव्हा कुणी फारशी दखल घेतली नाही. २०१० मध्ये तबकडी पुन्हा निघाली तेव्हा युरोपातले समीक्षक थक्क झाले, कारण टीबी-३०३चा तो लवचीक, किंचित आंबट आवाज शिकागोच्या अ‍ॅसिड हाउस संगीतात ऐकू यायच्या काही वर्षं आधी इथे भैरवाला जुंपलेला होता. त्या तबकडीवरच्या एका लेखाचं भाषांतर करताना मला प्रश्न पडला, की या डब्यात आहे तरी काय?

इतर गोष्टींबरोबर त्यात बीए ६६२ आहे. आवाजाची पातळी विजेच्या इशाऱ्यावर कमी-जास्त करणारी, रोम कंपनीची ही छोटी चिप. तिला पाय नऊ आणि तेही एकाच रांगेत, कंगव्यासारखे. २००५ मध्ये अमेरिकेत लिमोर फ्रीड यांनी टीबी-३०३ची घरी जोडता येईल अशी प्रत 'झॉक्सबॉक्स' या नावाने आणली, तेव्हा तो आवाज मिळवायला मूळचे सुटे भाग जगभर शोधावे लागले. मागणी वाढली तशा नकलाही आल्या : भलत्याच चिपची पाठ घासून त्यावर नवा क्रमांक छापलेला. अशी चिप थेट बोर्डावर जोडली आणि ती खोटी निघाली, तर नऊ पाय सोडवताना बोर्डही जातो. बेस असेल तर पाच मिनिटांत कळतं आणि नुकसान चिपच्या किमतीपुरतंच राहतं.

पण नऊचा बेस? मी लॅमिंग्टन रोडवर मुद्दाम विचारला. "ताई, नऊचा येत नाही. चाळीसची पट्टी घ्या, नऊवर तोडा." हाच जगभरचा तोडगा आहे. गोल भोकांची एकेरी पट्टी नऊवर मोडून घ्यायची. चौकोनी भोकांची बर्ग पट्टी असेल तर दहावं भोक कापण्यात वाया जातं, ते आधीच हिशेबात धरायचं. बीए ६६२ मुळीच मिळेना, तेव्हा काहींनी आतलं सर्किट सुट्या ट्रान्झिस्टरांतून नखाएवढ्या बोर्डावर उभं केलं आणि त्यालाही नऊच पाय दिले. म्हणजे आता पट्टी आधी आली आणि चिप तिच्या मापाने शिवली गेली.

एमएन ३००५ची तऱ्हा वेगळी. पॅनासॉनिक नावाने विकणाऱ्या मात्सुशिता कंपनीची ही प्रतिध्वनीची चिप. आग विझवताना माणसं रांगेत उभी राहून हातोहात बादल्या पुढे देतात, तसा ती आवाजाचा एकेक तुकडा ४०९६ टप्प्यांतून पुढे सरकवते. तिची लांबी चौदा पायांच्या चिपएवढी, पाय मात्र आठच. टोकांना पाय आहेत, मधली जागा मोकळी. आठचा बेस आणणारा फसतो. चौदाचा घ्यायचा आणि सहा भोकं तशीच रिकामी ठेवायची.

खरी कसोटी यामाहाच्या दाट पायांच्या चिप्स घेतात. १९९० साली निओ जिओ या गेम यंत्रात आलेल्या वायएम २६१०ला चौसष्ट पाय आहेत, एका बाजूला बत्तीस, आणि दोन पायांतलं अंतर १.७७८ मिलिमीटर. नेहमीच्या बेसवर पहिला पाय बरोबर बसतो, दुसरा पाऊण मिलिमीटरने चुकतो, तिसरा दीड मिलिमीटरने. मग गंमत होते. अकरावा पाय पुन्हा एका भोकावर नेमका येतो, कारण या चिपची दहा अंतरं म्हणजे नेहमीची सात. रूपकाच्या सात मात्रांत दहा बोल बसवावेत आणि समेवर यावं, तसं. लयकारी म्हणून हे सुंदर आहे, पण चिपचे सगळे पाय एकदम समेवर असावे लागतात. या मापाच्या पट्ट्या बनतात, पण कोपऱ्यावरच्या दुकानात त्या नसतात. मग १.७७८च्या भोकांतून २.५४च्या पिनांकडे तारा नेणारा जोडबोर्ड बनवून घ्यायचा. या जोडबोर्डांकडे मला व्यवसायबंधू म्हणून पाहावंसं वाटतं. उपमा पुढे ताणत नाही.

बेस बसला म्हणजे सगळं जुळलं असंही नाही. कमोडोर ६४ या १९८२च्या घरगुती संगणकातली 'सिड' ही बॉब यानेस यांनी आखलेली चिप. पाय अठ्ठावीस, बेस कुठेही मिळणारा. तिच्या दोन पिढ्या आहेत, ६५८१ आणि ८५८०. दोन्ही त्याच भोकांत बिनतक्रार बसतात, पण पहिलीला १२ व्होल्ट लागतात आणि दुसरीला ९. ८५८०ला बाराचा पुरवठा दिला तर ती मरू शकते. फिल्टरचे कपॅसिटरही वेगळे. इथे बेस सावध करत नाही, उलट गाफील ठेवतो. तरीही सिडच्या बांधणीत बेस हवाच, कारण ६५८१चा फिल्टर प्रत्येक चिपमध्ये थोडा निराळा निघतो. बांधणारे एकामागून एक चिप लावून बघतात आणि कानाला पटेल ती ठेवतात.

या चिप्स येतात कुठून, हा मला सगळ्यांत अस्वस्थ करणारा भाग वाटतो. नव्या सिड चिप्स बनत नाहीत. प्रत्येक नव्या सिंथेसायझरामागे बहुधा एक उघडलेला कमोडोर असतो. तो आधीच बंद पडलेला होता असं सांगितलं जातं आणि पुष्कळदा ते खरंही असतं. रोलँडच्या जुनो-१०६ (१९८४) मध्ये चित्र उलटं आहे. तिच्या सहा आवाजांसाठी ८००१७ए नावाचे सहा एकेरी रांगेचे तुकडे थेट बोर्डावर जोडलेले. त्यांच्यावरचा राळेचा लेप वर्षांनी वीज झिरपू देतो, आणि एकेक आवाज घोगरा होतो किंवा गप्प बसतो. दुरुस्ती करणारे तुकडा सोडवून अ‍ॅसिटोनमध्ये भिजत घालतात, लेप खरवडतात आणि परत लावताना खाली एकेरी पट्टी देतात, म्हणजे पुढच्या वेळी कथील वितळवायला नको. कारखान्याने न दिलेला बेस वीस-तीस वर्षांनी दुरुस्ती करणाऱ्याने दिला.

काही जुनी मापं परतही आली आहेत. डग कर्टिस यांची सीईएम ३३४० ही ऑसिलेटरची चिप त्यांच्या कंपनीने २०१६ मध्ये पुन्हा काढली, त्याच सोळा पायांवर. लाटवियातल्या रिगा शहरातली आल्फा कंपनी एएस ३३४० बनवते, तीही त्याच बेसमध्ये बसते. याउलट कॉर्ग पॉलिसिक्समधल्या एसएसएम २०४४ फिल्टरचा नवा वारस बोर्डाच्या पृष्ठभागावरच जोडायच्या इवल्या रूपात येतो. जुन्या सोळाच्या बेसवर बसायला त्याला जोडबोर्डाची होडी लागते.

पुण्यातल्या माझ्या ओळखीच्या एका बांधणाऱ्याने पॉवर सप्लाय जळालेला कमोडोर परदेशातून मागवला आणि त्यातली सिड सोडवून आपल्या सिंथेसायझरमध्ये घातली. मग कमोडोरच्या बोर्डावर जिथून ती काढली होती, तिथेही त्याने अठ्ठावीसचा एक बेस जोडून ठेवला. तो रिकामा आहे. शेजारी चिकटपट्टीच्या तुकड्यावर पेन्सिलीने लिहिलंय : ६५८१, १२ व्होल्ट.