सत्तावीस दिवस

परवा माळा आवरताना जुना अल्बम सापडला. लेक पानं उलटत बसली. तिच्या जन्मानंतरच्या पहिल्या महिन्याचे फोटो संपले तरी मी कुठेच दिसेना. तिची आई आहे, दोन्ही आज्या आहेत, आत्या आहे. "बाबा, तू कुठे होतास?" तिने विचारलं. मी म्हणालो, "मग फोटो कोण काढणार?" ती हसली आणि पुढे गेली.

खोटं बोललो. फोटो तिच्या मामाने काढलेत. मी तिचं तोंड सत्तावीस दिवस पाहिलेलं नव्हतं.

आमच्या घरच्या मोठ्यांना हे माहीत आहे, पण त्यावर कधी कोणी बोलत नाही. आज लिहून टाकतो.

लेक झाली साताऱ्याला, बायकोच्या माहेरी. फोन आला तसा मी खराडीहून निघालो. पोचेपर्यंत आईने जन्मवेळ आमच्या नेहमीच्या गुरुजींना कळवलीसुद्धा होती. निरोप आला: मूळ नक्षत्र, पहिला चरण, बापाला वाईट. शांत होईपर्यंत बापाने मुलीचं तोंड बघायचं नाही. आपल्याकडे एखादा जिवावर उठला की 'मुळावर आला' म्हणतात. ती दोन किलोची पोर जन्मतःच माझ्या मुळावर आली होती म्हणे.

मी इंजिनियर. चंद्र साधारण सत्तावीस दिवसांत पृथ्वीभोवती फिरतो, म्हणून नक्षत्रं सत्तावीस, म्हणून तेच नक्षत्र सत्ताविसाव्या दिवशी परत येतं, एवढं मला तेव्हाही कळत होतं. दर सत्तावीस मुलांत सरासरी एक मूळ नक्षत्रावर जन्मणार. आमच्या ऑफिसात पाचशे माणसं. म्हणजे त्यातली अठरा-एकोणीस मुळावरची, आणि चार-पाच तर थेट पहिल्या चरणातली. त्यांचे वडील काही सगळे पहिल्याच वर्षी गेले नाहीत! पण हिशोब येणं वेगळं आणि आईच्या डोळ्यांत बघून "मी जाणार" म्हणणं वेगळं. माझे वडील मी नऊ वर्षांचा असताना गेले. आईला दुसरी कोणतीही भीती घाला, ती हसेल. ही एक भीती तिला घालायला नको होती.

तिसऱ्या दिवशी बाळाला कावीळ झाली. निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं. मी दाराबाहेरच्या बाकड्यावर बसून तिचं रडणं ऐकत होतो. बायको आतून बाहेर आली, माझ्याकडे बघितलं आणि परत आत गेली. काहीच म्हणाली नाही. अजूनही म्हणालेली नाही.

सत्ताविसाव्या दिवशी शांत झाली. सत्तावीस झाडांची पानं, सत्तावीस ठिकाणचं पाणी, दक्षिणा. मग काशाच्या वाटीतल्या तुपात मी माझ्या मुलीचं प्रतिबिंब पाहिलं. तूप हललं आणि चेहरा मोडला. गळ्यात एक ताईतही आला, तो मी दोन वर्षं घातला.

असो. यानंतर काही वर्षांनी जोतीराव फुल्यांच्या समग्र वाङ्मयात 'तृतीय रत्न' हे नाटक वाचलं आणि दचकलोच. १८५५ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी लिहिलेलं. गोष्ट काय, तर एका कुणब्याच्या घरी जोशी येतो. बायको पोटुशी आहे. जोशी तिला ग्रहांची भीती घालतो आणि मारुतीचं अनुष्ठान, ब्राह्मणभोजन असे उपाय सांगतो. होणाऱ्या लेकरासाठी नवरा-बायको कर्ज काढून सगळं करतात. पुढे एक पाद्री भेटतो. त्याची आणि कुणब्याची बोलणी होतात, की खरा देव कोणता आणि दगडाच्या मूर्तीचं सामर्थ्य ते काय. मधूनमधून विदूषक टोमणे मारत असतो. शेवटी दोघं ठरवतात, फुल्यांच्या रात्रीच्या शाळेत शिकायला जायचं.

फुल्यांनी हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवलं होतं. कमिटीने नाकारलं. छापून आलं ते थेट १९७९ साली. म्हणजे आमच्या आज्या-पणज्यांपर्यंत ते पोचायला हवं होतं, तेव्हा ते पोचलंच नाही. पोचलं असतं तर मी आत गेलो असतो का? खात्री नाही. त्या कुणब्याला वाचता येत नव्हतं. मला येत होतं, माझी सबब काय?

फुल्यांना देव नको होता असं अनेकांना वाटतं. तसं नाही. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज निघाला, तो एका देवाला मानणारा. फुले त्याला 'निर्मीक' म्हणत, सगळं निर्माण करणारा. त्यांना नको होता तो मधला माणूस. लेकराला आईकडे जायला जसा मध्यस्थ लागत नाही, तसा माणसाला देवाकडे जायला लागत नाही, असं सत्यशोधक सांगत. हे वाचलं आणि साताऱ्याचं ते बाकडं आठवलं. माझ्या बाबतीत मधला माणूस देवाच्या आणि माझ्या मध्ये उभा राहिला होताच, पण माझ्या आणि माझ्या मुलीच्याही मध्ये उभा राहिला होता. दक्षिणेचे पैसे कधीच विसरलो. ते दिवस काही परत मिळाले नाहीत.

आता खराडीचं सांगतो. एकेकाळचं शेतीचं गाव, आता काचेच्या इमारतींचं. त्या इमारतींच्या तळघरात गाड्या लागतात आणि निम्म्या गाड्यांना लिंबू-मिरची नाहीतर काळी बाहुली. मी रोज नदीवरचा पूल ओलांडून मुंढव्यावरून हडपसरला कामाला जातो. हा रस्ता नुसता ट्रॅफिकचा आहे असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं.

हडपसर हे फुल्यांच्या सुनेचं माहेर. त्यांचा दत्तक मुलगा यशवंत, त्याचं लग्न ४ फेब्रुवारी १८८९ रोजी हडपसरच्या ज्ञानोबा ससाणे यांच्या मुलीशी झालं, सत्यशोधक पद्धतीने, भटजीशिवाय. पुढच्या वर्षी, २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. मग १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातलं. यशवंत तोवर डॉक्टर झाले होते. सावित्रीबाईंनी त्यांना बोलावून घेतलं आणि हडपसरच्या ससाणे मळ्यात रोग्यांसाठी दवाखाना उघडला. प्लेगच्या माणसाजवळ घरचेसुद्धा जायला धजत नव्हते, तेव्हा या बाई रोगी शोधून आणत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यात एका पोराला प्लेग झाल्याचं त्यांना कळलं. पांडुरंग बाबाजी गायकवाड त्याचं नाव. त्या गेल्या, त्याला पाठीवर घेतलं आणि ससाणे मळ्यात आणलं. सहासष्ट वर्षांचं वय होतं. पोरगं वाचलं. सावित्रीबाईंना मात्र लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

नदीच्या पलीकडचं मुंढवा, माझ्या रोजच्या वाटेवरचं.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. ताईत विकणारा म्हणतो, हे घाल, तुला काही होणार नाही. सत्यशोधकांच्या निर्मीकाने सावित्रीबाईंना असं काही वचन दिलेलं नव्हतं, आणि त्या वाचल्याही नाहीत. ताईतवाल्याला विचारलं तर तो म्हणेल, बघा, आमचं ऐकलं असतं तर! पण मला वाटतं, फरक नेमका इथेच आहे. ताईत घालून मी स्वतःला जपत बसलो, पोटच्या पोरीपासूनसुद्धा. त्या बाईने दुसऱ्याचं आजारी पोर पाठीवर घेतलं. देवावर भरवसा म्हणजे काय, हे मला कोणी विचारलं तर मी मुंढव्याकडे बोट दाखवीन.

आईला मी दोष देत नाही. ताई, तू हे वाचून तिला सांगशीलच, तर हेही सांग. नऊ वर्षांचं पोर पदरात घेऊन राहिलेल्या बाईला घाबरवणं फार सोपं असतं. दोष असेल तर बाकड्यावर बसून राहिलेल्या माझा आहे. देव्हारा घरात आहे, आई रोज दिवा लावते, मीही हात जोडतो. मागत काही नाही. ताईत मात्र काढला तो काढलाच.

काल रात्री लेकीला खरं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे तू दाराबाहेर होतास? रोज?"

रोज, म्हटलं.

"मग आत यायचंस ना," ती म्हणाली.