इरावतीबाई, चिकपेट आणि एक उत्तरपत्रिका

आपली शाळा ज्या चिकपेटेत उभी आहे, तिचा मराठीशी असलेला संबंध शहाजीराजांच्या काळापासूनचा आहे. १६३८ मध्ये आदिलशाही फौजांनी बंगळूर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीचे ठाणे झाले. बालशिवाजी व जिजाऊ काही काळ येथे येऊन राहिले. या दरबाराचे वर्णन जयराम पिंड्ये या कवीने ‘राधामाधवविलासचंपू’त केले. तो ग्रंथ इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२२ मध्ये दीर्घ प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला.

हे सारे मी वर्गात शिकवीत आले. तरीही एका वर्षी स्नेहसंमेलनासाठी नाटुकले लिहिताना, बंगळूर सोडणाऱ्या जिजाऊंच्या तोंडी मी एक भाषण घातले. टाळ्या भरपूर पडल्या. पुढच्या परीक्षेत नववीतील एका मुलीने त्यातले वाक्य ‘जिजाबाई म्हणाल्या’ असे लिहून, अवतरणचिन्हांसह, उत्तरपत्रिकेत उतरविले. लाल पेन हातात धरून मी बराच वेळ बसून राहिले. चूक तिची नव्हती.

त्या रात्री मी ‘युगान्त’ पुन्हा वाचावयास घेतले.

इरावती कर्वे यांचा जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशातला. इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवलेले. मुंबई विद्यापीठात त्यांनी डॉ. गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्राचा अभ्यास केला, बर्लिनला डॉक्टरेट मिळविली आणि १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन केले. भारतातील आप्तसंबंधांच्या रचनेवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ चा. ‘युगान्त’ १९६७ मध्ये आले आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. ती कादंबरी नव्हे. ते महाभारतावरील लेख आहेत. मात्र मध्येच लेखाची कथा होते. वनवासातील अखेरच्या दिवसांत गांधारी, धृतराष्ट्र आणि कुंती यांना इरावतीबाई बोलके करतात, आणि आपण निबंध वाचतो आहोत हे विसरायला होते.

हे त्यांना साधले ते केवळ प्रतिभेमुळे, असे मला वाटत नाही. महाभारतातील नात्यांचे शब्द त्यांनी आधी एखाद्या कारकुनाच्या चिकाटीने तपासले होते. सून, दीर, भावजय, सासरा : कोणी कोणासमोर काय बोलावे, काय गिळावे, हे त्यांना ठाऊक होते. शिवाय भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती त्यांच्या हाताशी होती. अनेक हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेली ही संहिता १९६६ मध्ये पूर्ण झाली. म्हणून त्यांची गांधारी देवी होत नाही; आंधळ्याला दिलेली, परक्या घरी आलेली मुलगी राहते.

डॉ. श्री. व्यं. केतकरांनीही दोन्ही वाटा चालून पाहिल्या. जातिसंस्थेचा इतिहास आणि ज्ञानकोश लिहिणाऱ्या या पंडिताने ‘ब्राह्मणकन्या’सारख्या सामाजिक कादंबऱ्याही लिहिल्या. पण त्यांच्या पात्रांआडून प्राध्यापक फार बोलतो, असे माझे मत आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी रागावल्यास भांडायला अवश्य यावे.

इरावतीबाईंचे खरे धारिष्ट मला दुसरीकडे दिसते. द्रौपदीवरील लेखाच्या शेवटी, महाप्रस्थानाच्या वाटेवर कोसळलेली द्रौपदी आणि भीम यांचा प्रसंग त्या स्वतः रचतात. परंतु त्याआधी, येथून पुढची ‘नरोटी’ आपली, हे वाचकाला सांगून टाकतात. सांगितल्याने प्रसंगाचे काही बिघडत नाही. तो वाचताना दर खेपेस माझा गळा दाटतो.

माझ्या नाटुकल्यात ही एक ओळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात जाऊन मी सांगितले, की ते वाक्य जिजाऊंचे नव्हे, माझे आहे. त्या मुलीचे गुण कापले नाहीत. वर्ग थोडा हसला. ती हसली नाही. तिने उठून विचारले, “बाई, मग जिजाऊ खरोखर काय म्हणाल्या असतील?”

“त्यांचे शब्द नोंदलेले नाहीत,” मी म्हटले.

“मग मी लिहू?”

“लिही,” मी म्हणाले, “पण वर तुझे नाव घाल.”