विद्युतरोध आणि विद्युतशक्ती यांचे गणन

विद्युत परिपथातील एखाद्या घटकाच्या दोन टोकांमधील विभवांतर व त्यातून वाहणारी विद्युतधारा ज्ञात असल्यास त्या घटकाचा विद्युतरोध आणि तो वापरत असलेली विद्युतशक्ती काढता येते. विभवांतराला धारेने भागल्यास रोध मिळतो. दोहोंचा गुणाकार केल्यास शक्ती मिळते. विभवांतर व्होल्टमध्ये आणि धारा अँपिअरमध्ये घेतल्यास रोध ओहममध्ये व शक्ती वॅटमध्ये येते.

पार्श्वभूमी

जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमॉन ओहम यांनी १८२७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात धारा व विभवांतर यांच्या संबंधाची गणिती मांडणी केली. तापमानासह वाहकाची भौतिक स्थिती कायम असल्यास धारा विभवांतराच्या समप्रमाणात असते, हा ओहमचा नियम होय. वाहकात निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या समप्रमाणात असते, हे इंग्लिश शास्त्रज्ञ जेम्स प्रेस्कॉट ज्यूल यांनी प्रयोगांद्वारे दाखवले.

सूत्रे

- रोध = विभवांतर ÷ धारा
- शक्ती = विभवांतर × धारा
- शक्ती = धारा² × रोध
- शक्ती = विभवांतर² ÷ रोध

शेवटची दोन सूत्रे पहिल्या दोहोंवरूनच मिळतात.

उदाहरण

भारतात घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्टचा असतो. या विभवांतरावर २,००० वॅटचा गीझर सुमारे ८.७ अँपिअर धारा घेतो. त्याच्या तापक कुंडलाचा रोध २६.४५ ओहम येतो. एक तास चालल्यास तो २ किलोवॅट-तास, म्हणजेच २ युनिट वीज वापरतो. पुरवठा २०० व्होल्टपर्यंत उतरल्यास शक्ती सुमारे १,५१२ वॅट होते. विभवांतर १३ टक्क्यांनी घटले, तरी शक्ती सुमारे २४ टक्क्यांनी घटते, कारण ती विभवांतराच्या वर्गावर अवलंबून असते.

सैल जोडातील उष्णता

याच गीझरच्या प्लगमधील जोड सैल होऊन तेथे ०.५ ओहम रोध निर्माण झाल्यास तो कुंडलाशी एकसर जोडणीत येतो. एकूण रोध २६.९५ ओहम व धारा सुमारे ८.५ अँपिअर होते. गीझरला १,९२६ वॅट मिळत राहिल्याने पाणी जवळपास पूर्वीसारखेच तापते. मात्र प्लगमध्ये सुमारे ३६ वॅट उष्णता एकवटते. एवढ्या उष्णतेने प्लास्टिक वितळू शकते व आग लागू शकते. धारा वाढण्याऐवजी किंचित घटलेली असल्याने फ्यूज वितळत नाही आणि एमसीबीही पडत नाही. त्यामुळे गरम लागणारा किंवा काळवंडलेला प्लग दुर्लक्षित करणे धोकादायक असते.

मर्यादा

वरील भागाकाराने मिळणारा रोध त्या वेळच्या तापमानाचा असतो. ६० वॅटच्या टंगस्टन दिव्याचा रोध २३० व्होल्टवर सुमारे ८८२ ओहम असतो. दिवा थंड असताना मल्टीमीटरवर त्याच्या साधारण दहावा ते पंधरावा हिस्साच दिसतो. म्हणून दिवा लावताच क्षणभर मोठी धारा वाहते.

प्रत्यावर्ती धारेवरील पंखे, पंप यांसारख्या मोटारयुक्त उपकरणांत विभवांतर व धारा यांच्या भागाकाराने रोध नव्हे, तर इम्पीडन्स मिळतो. त्यांची खरी शक्ती काढण्यासाठी विभवांतर व धारा यांच्या गुणाकाराला पॉवर फॅक्टरनेही गुणावे लागते.

मापन

अँमीटर परिपथात एकसर आणि व्होल्टमीटर घटकाला समांतर जोडतात. मल्टीमीटरने रोध थेट मोजताना घटक वीजपुरवठ्यापासून पूर्णपणे वेगळा केलेला असावा लागतो.