उंडेऱ्याची अठ्ठावीस घरे

बडोद्याचे नाव निघाले म्हणजे श्रीमंत सयाजीराव महाराजांची ग्रंथालये, सक्तीचे शिक्षण आणि कलाभवन ह्यांचे स्मरण आपल्या वाचकांस होते. शहराजवळच्या उंडेरा गावाचे स्मरण मात्र क्वचितच कोणी करतो. वास्तविक ह्या लहानशा गावी १८९८ साली जे घडले, ते हिंदुस्थानच्या आरोग्याच्या इतिहासात मोठ्या मोलाचे आहे.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात गाठीचा ताप उद्भवला. हा प्लेगच होय, असे निदान गोमंतकाचे डॉ. अकासिओ व्हिएगस ह्यांनी प्रथम केले. त्यावर लस शोधण्याचे काम वाल्डेमार हाफकिन ह्या शास्त्रज्ञाकडे आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत तीन महिने खपून त्यांनी लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. परंतु पुण्यात प्लेग निवारणाच्या नावाखाली झालेल्या जुलमाने, आणि त्याच वर्षीच्या रँडच्या वधाने, लोकांचे मन सरकारी डॉक्टरांविषयी साशंक झाले होते. लस खरोखर तारते काय, ह्याचा निर्विवाद पुरावा हवा होता.

तो उंडेऱ्याने दिला. १८९८ च्या फेब्रुवारीत तेथे प्लेग चालू असता हाफकिन ह्यांनी घरोघरची माणसे दोन भागांत वाटली. एका भागास लस टोचली, दुसरा तसाच ठेवला. एकच छप्पर, एकच चूल, एकच पाणी. भेद एवढा एका सुईचा. एकंदर ५१३ माणसांस लस टोचली गेली. पुढे ज्या २८ घरांत प्लेग शिरला, त्यांत टोचलेली ७१ माणसे होती. त्यांपैकी ८ आजारी पडली व ३ दगावली. न टोचलेली ६४ होती. त्यांपैकी २७ आजारी पडली आणि २६ मरण पावली.

हे आकडे शास्त्राच्या दृष्टीने निर्णायक ठरले. वाचणाऱ्याच्या मनास मात्र ते सुखाने वाचू देत नाहीत. त्या सव्वीस जणांच्या शेजारीच, त्याच पंक्तीला बसणाऱ्या माणसाला लस मिळाली होती. आजचा वैद्य असा प्रयोग करण्यास धजणार नाही. तरी एवढे खरे की, कोणास मिळावी व कोणास नाही हे उंडेऱ्यात कोणाच्या कनवटीच्या पैशावर ठरले नव्हते.

पुढे सव्वाशे वर्षांनी ती वेळ आली. १ मे २०२१ पासून कोरोनाची लस अठरा वर्षांवरील सर्वांस खुली झाली, तेव्हा एकाच कारखान्यातील एकाच कुपीला तीन भाव लागले. कोव्हिशील्ड केंद्र सरकारास १५० रुपयांस, राज्यांस आधी ४०० व ओरड झाल्यावर ३०० रुपयांस, खासगी रुग्णालयांस ६०० रुपयांस. कोव्हॅक्सिनचा खासगी भाव तर १,२०० रुपये होता. कापडाला दोन भाव असले तर गरीब जाडेभरडे नेसतो, शेजाऱ्याचे त्यात काही बिघडत नाही. साथीच्या रोगाचे तसे नाही. लशीवाचून राहिलेला मनुष्य तो रोग दुसऱ्याच्या अंगणातही नेतो.

कारखानदारास शिव्या देऊन मात्र हा प्रश्न सुटत नाही. १९६६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेच आफ्रिकेतील मेंदूज्वरावरची लस २०१० साली अर्ध्या डॉलरहून कमी भावात दिली होती. तेथे परवडणारा भाव आधी ठरला, लस मागाहून झाली. आणि मागणी करणारे एकत्र होते. २०२१ साली आपल्याकडे राज्ये एकेकटी बाजारात उतरली. एकेकट्या गिऱ्हाइकाला कोणता दुकानदार नमतो? शिवाय कसौली, कुन्नूर व गिंडी येथील सरकारी लसनिर्मिती संस्थांचे परवाने २००८ साली स्थगित झाले, ते २०१० पर्यंत तसेच राहिले. आपल्या घरची विहीर बुजली की पाणक्याचा भाव मुकाट्याने द्यावा लागतो. हाफकिनांची लस ज्या सरकारी प्रयोगशाळेतून आली, तिचे मोल त्या काळी कोणाच्या लक्षात आले नसेल; आज येते.

३१ मे २०२१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने अठरा ते चव्वेचाळीस वर्षांच्या लोकांकडून पैसे घेण्याचे धोरण सकृद्दर्शनी मनमानीचे व अविवेकी ठरविले. ७ जूनला पंतप्रधानांनी ते बदलल्याचे जाहीर केले, आणि २१ जूनपासून केंद्राने पाऊणपट लस स्वतः विकत घेऊन फुकट दिली. उरलेला चौथा हिस्सा खासगी रुग्णालयांकडे राहिला. पुढे एप्रिल २०२२ मध्ये, साथ ओसरली व गिऱ्हाईक विरळ झाले तेव्हा, सरकारशी बोलणे होऊन दोन्ही कंपन्यांनी खासगी भाव उतरविला. सहाशेची आणि बाराशेची, दोन्ही कुप्या एकाच दिवशी २२५ रुपयांवर आल्या.