चिखल अडवणारी फळी

मोटारीत बसले की समोर असतो तो डॅशबोर्ड. वेग, इंधन, गाणी, नकाशा आणि वर चिकटवलेला छोटा गणपती, सगळे त्याच्यावरच. पण या शब्दाचे कूळ शोधू लागले की हाताला लागतो तो चिखल.

इंग्रजीतल्या ‘डॅश’ या क्रियापदाचा एक जुना अर्थ जोराने आपटणे, उडवणे असा आहे. घोडागाडीत घोडा पुढे आणि गाडीवान त्याच्या मागोमाग. ओल्या रस्त्यावर घोडा धावू लागला की टापांखालचा चिखल थेट मागे उडायचा. तो अंगावर येऊ नये म्हणून गाडीवानाच्या पायांपुढे एक फळी उभी ठोकत, किंवा लोखंडी चौकटीवर चामडे ताणून बसवत. हाच मूळचा डॅशबोर्ड. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून अमेरिकेत हा शब्द रुळला. बर्फावरच्या घसरगाड्यांनाही अशी फळी असे. चाबूक खोचायची नळी पुष्कळदा तिलाच जोडलेली असायची.

1886 मध्ये कार्ल बेन्झने जर्मनीत तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले. घोडा गेला, टापा गेल्या. फळी मात्र राहिली. रॅन्सम ओल्ड्सच्या कारखान्यातून 1901 पासून जी ओल्ड्समोबाइल बाहेर पडू लागली, तिचे इंजिन बैठकीखाली होते. पुढे कोणतेही जनावर नव्हते, तरी समोरची फळी घसरगाडीसारखी छान वळवलेली होती. 650 डॉलरची ही मोटार त्या वळणावरूनच ‘कर्व्ह्ड डॅश’ म्हणून ओळखली गेली.

फ्रान्समध्ये पानार आणि लेव्हासोर यांनी 1891 मध्येच इंजिन पुढे आणले होते. ती रचना पुढे सर्वत्र पसरली आणि फळीला नवे काम मिळाले: इंजिनची उष्णता आणि तेल माणसांपासून दूर ठेवणे. मग तिच्यावर तेलाच्या कुप्या आल्या, वेगमापक आला, दिव्यांची बटणे आली, आणि पुढे एका नजरेत माहिती देणाऱ्या कोणत्याही फलकाला हेच नाव पडले. कोरोनाच्या काळात मुंबई-पुण्यात लोक रुग्णालयातल्या रिकाम्या खाटा ज्या ‘डॅशबोर्ड’वर शोधत होते, तो संगणकाच्या पडद्यावर होता. फळीचा चिखलाशी संबंध केव्हाच संपला होता.

मग चिखल कोण अडवणार?

आता तो टापांनी नव्हे, चाकांनी उडत होता. टायरला चिकटलेली माती चाकाबरोबर वर चढते आणि पकड सुटली की स्पर्शरेषेत भिरकावली जाते. गाडी ताशी 60 किलोमीटरने धावत असेल, तर चाकाचा माथा रस्त्याच्या तुलनेत ताशी 120 किलोमीटरने पुढे जात असतो. म्हणून झाकण हवे ते चाकालाच. 1908 च्या फोर्ड ‘मॉडेल टी’वर चारही चाकांवर वळवलेले पत्रे होते आणि पुढचे-मागचे पत्रे पायफळीने जोडलेले होते. ब्रिटनमध्ये त्यांना ‘विंग’ म्हणतात, अमेरिकेत ‘फेंडर’. आपल्या गॅरेजात शब्द एकच, मडगार्ड. महिंद्रने 1949 मध्ये मुंबईत जीप जोडायला सुरुवात केली. तिचे सपाट मडगार्ड इतके दणकट, की मिरवणुकीत माणसे त्यांच्यावर बसत. त्याच सुमारास परदेशी मोटारींचे मडगार्ड मात्र बॉडीतच विरघळू लागले होते.

आज चिखल झेलते ती चाकाच्या कमानीआतली काळी प्लॅस्टिकची पाळ. पावसाळ्यात कोकणातून परतलेल्या गाडीच्या या कमानीत हात घालून पाहा. पत्र्याच्या आत वळलेल्या कडेवर लाल मातीचा ओला थर बसलेला असतो. बाहेरची बॉडी चकचकीत पुसली तरी तो तसाच राहतो, ओल धरतो आणि कडेपासून गंज चढू लागतो. रंगावर फुगे दिसेपर्यंत आतला पत्रा खाल्ला गेलेला असतो.

तेव्हा गाडी धुताना पाण्याचा पाइप आधी चारही कमानींच्या आत धरा, खाली पडणारे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. टपाकडे त्यानंतर वळा.