आमच्या वाडीच्या विहिरीचं साल

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायचं ठरलं, तेव्हा कार्यकारिणीने आम्हां दोघातिघांवर एक काम सोपवलं. लालबागला राहणाऱ्या आपल्या मंडळींचं मूळ गाव, तिथली आपली वाडी, पूर्वीचं राहणं-बोलणं यांवर चार पानं लिहून द्या, असं सांगितलं. आम्हांला वाटलं, सोपं काम आहे. गावकीची जुनी वही आहे, म्हातारी माणसं अजून बोलतीचालती आहेत, दोन रविवार बसलो की झालं. प्रत्यक्षात पहिल्याच रविवारी विहिरीवर अडलो.

वहीत स्पष्ट लिहिलेलं आहे, 'विहीर खर्च, सन १९४९'. आम्ही ते उतरवून घेत होतो. कोपऱ्यात बसलेली आमच्या वाडीची सगळ्यांत वडीलधारी आजी, वय नव्वदीला टेकलेलं, एकदम म्हणाली, "ह्यां खोटां हाय. रामदास बुडाली त्याच्या आदुगरच्या उन्हाळ्यात विहीर झाली. मी सवता माती व्हायलीय."

आता आली का पंचाईत. वही खरी की आजी खरी?

रामदास म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी बोट. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या दिवशी, ती काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. गिरगाव-परळकडचे कितीतरी प्रवासी तिच्यात होते. आमची माणसं पुढे दाभोळकडे जाणारी, त्या बोटीत आमचं कोणी नव्हतं. पण त्या काळी कोकणात जाणाऱ्या प्रत्येक घराने त्या दिवशी धसका घेतला, आणि तो दिवस कायमचा लक्षात राहिला. आजीच्या हिशोबाने विहीर १९४७ च्या उन्हाळ्यातली. तेव्हा ती बारा वर्षांची होती.

वाचकांना वाटेल, दोन वर्षांचा फरक, एवढं काय त्यात? पण आमच्या वाडीचा इतिहास म्हणून जे काही आहे ते ह्याच पद्धतीने टिकलेलं आहे. दप्तरात आमच्याविषयी फार थोडं. आमच्या म्हाताऱ्या माणसांना इसवी सन ठाऊक नव्हता, पण कोणतं मूल कोणत्या वर्षी जन्मलं हे त्यांना बिनचूक सांगता यायचं. कोणी 'गोदीत दारूगोळ्याचा धमाका झाला' त्या वर्षीचं, म्हणजे १९४४. तो स्फोट नेमका १४ एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीदिवशीच झाला, म्हणून तारीखसुद्धा तोंडपाठ. कोणी 'बाबासाहेब गेले' त्या वर्षीचं, १९५६. कोणी कोयनेच्या भूकंपातलं, म्हणजे डिसेंबर १९६७. गावी त्या पहाटे मडकी हलली, नि इथे चाळीत फळीवरचे डबे वाजले, असं दोन्हीकडची माणसं सांगतात. कोणी 'संपातलं', म्हणजे १९८२. हे पंचांग कुठे छापलेलं नव्हतं. ते रोजच्या बोलण्यात होतं, आणि बोलायला जागा होती तोवर टिकलं.

गावची जागा कशी होती ते सांगायला हवं, कारण आमच्या मुलांना आता गाव म्हणजे मे महिन्यातले आंबे एवढंच ठाऊक आहे. रत्नागिरी जिल्ह्यातलं कुठलंही गाव घ्या, एकत्र वस्ती अशी नसतेच. वाड्या विखुरलेल्या. एक खोतांची, दोन-तीन कुणब्यांच्या, आणि वहाळाच्या पलीकडे, गावाच्या कडेला आमची. तेव्हा तिला महारवाडी म्हणत, १९५६ नंतर बौद्धवाडी झाली. घरं मातीची, वर पेंढा, पुढे पडवी, पुढे सारवलेलं खळं. पडवीत बसलं की समोरच्या पडवीतल्या माणसाशी आवाज न चढवता बोलता यायचं, इतकं जवळ. संध्याकाळी चूल पेटवायला निखारा मागायला शेजारी जायचं, तिथे दहा मिनिटं बोलणं. भात कांडायला दोघी लागायच्या, तिथे बोलणं. लावणीला चिखलात रांगेने वाकून बोलणं. ऊर्मिला पवार यांचं 'आयदान' (२००३) ज्यांनी वाचलं असेल त्यांना आठवेल, की ते पुस्तक सुरूच होतं ते डोक्यावर ओझी घेऊन रत्नागिरीच्या बाजाराला डोंगर उतरून जाणाऱ्या बायकांपासून. त्या वाटेवरच्या गप्पा म्हणजे आमच्या आयाबहिणींची शाळा होती म्हणा ना.

पण हे झालं वाडीच्या आतलं. वाडीबाहेरचं बोलणं वेगळं होतं, आणि तेही लिहिल्याशिवाय इतिहास पुरा होत नाही. गावच्या कामात आमच्या माणसाचं मुख्य काम बोलण्याचंच होतं. दवंडी त्याने द्यायची. सरकारी माणूस आला की गावाला वर्दी त्याने द्यायची. कोणाच्या घरी मयत झालं तर रानावनातून, पावसापाण्यातून परगावच्या सोयऱ्यांना निरोप त्याने पोहोचवायचा. शेताच्या हद्दीचा वाद पडला तर त्याचा शब्द पुरावा म्हणून घ्यायचे. म्हणजे गावाचा निरोप आमच्या पायांनी चालायचा, गावाची हद्द आमच्या तोंडाने ठरायची, आणि तो निरोप सांगायला मात्र खळ्याच्या बाहेर उभं राहून आधी 'जोहार' घालायचा. पडवीत बसून 'काय, बरं आहे ना?' असं विचारायची सोय नव्हती. शब्दावर विश्वास होता, माणसाशी गप्पा नव्हत्या. 'जोहार' जाऊन 'जयभीम' आला हा नुसता शब्दाचा फरक नव्हे, हे यावरून समजावं. कामठीचे बाबू हरदास यांनी १९३० नंतरच्या काळात 'जयभीम' रूढ केला असं मानतात. आमच्या वाडीत तो गावातून आलाच नाही. तो लालबाग-परळहून, सुट्टीवर आलेल्या गिरणी कामगारांच्या तोंडून आला.

पाण्याचं तसंच. वाडीला स्वतःची विहीर नव्हती. उन्हाळ्यात वहाळ आटला की झऱ्यात डबरा खणायचा, त्यात पाणी साचेस्तोवर बायकांनी बसून राहायचं. गावची विहीर जवळ होती, पण ती आमच्यासाठी नव्हती. कोणीतरी वरून ओतेल तेव्हा मिळेल. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात मंजूर झाला, की सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनेही ठराव केला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्याले. त्यावरचा कोर्टाचा खटला चालत चालत १७ मार्च १९३७ ला हायकोर्टात आपल्या बाजूने निकालात निघाला. महाड आमच्या गावाहून फार लांब नाही. तरीपण आमच्या वाडीतल्या बाईच्या हंड्यात हक्काचं पाणी पडायला १९४७ चा उन्हाळा उजाडावा लागला, नि तेही वाडीने स्वतः विहीर खणली तेव्हा. म्हणून आम्ही त्या सालाच्या मागे लागलो.

पैसा कुठून आला? लालबागहून. गावकीची खोली हा प्रकार आता नवीन पिढीला समजावून सांगावा लागतो. दहा बाय बाराची एक खोली, भाडं गावाच्या नावाने, आणि तीत वीस-पंचवीस माणसं. एकाच वेळी सगळी मावणं शक्यच नव्हतं. पहिली पाळीवाला उठून गेला की त्याच जागी रातपाळीवाला येऊन पडायचा. भिंतीला खुंट्या, खाली पत्र्याच्या पेट्या, आणि जेवण खानावळीत. महिन्याच्या एका रविवारी बैठक. मयताचा खर्च, लग्नाचा आहेर, गावचं काय ते सगळं तिथे ठरायचं. गावाहून कोणी आला की त्याला आधी पाणी, मग चहा, आणि मग सगळी खोली त्याच्याभोवती. पाऊस किती झाला, कोणाची म्हैस व्याली, खोताने कोणाला काय म्हटलं, सगळं खोदून खोदून विचारायचे. कोपरा फाडलेलं कार्ड आलं तर ते वाचणारा आधी जिना उतरून खाली जायचा आणि मग एकेकाला बाजूला घेऊन सांगायचा. गाव दोनशे मैल लांब होतं, पण पडवी इथेच होती म्हणायला हरकत नाही.

खोती विरुद्धच्या लढ्याचं वारंही ह्याच खोल्यांतून गावी गेलं. परळच्या दामोदर हॉलमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेचं ऑफिस, बाबासाहेब स्वतः १९१२ पासून दोन दशकांहून जास्त काळ परळच्या बी.आय.टी. चाळीत राहिलेले. लालबागहून दोन्ही ठिकाणं पायी जाण्यासारखी. १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक आणलं. १० जानेवारी १९३८ ला कोकणचे शेतकरी मुंबईत मोर्चाने आले, त्यात कुणबी होते आणि आपलेही होते. त्या रात्री गावकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती असं जुने लोक सांगत. गावात जे दोघे एका पडवीत बसले नसते, ते त्या दिवशी एका रस्त्यावरून चालले. खोती कायद्याने गेली ती १९५० मध्ये.

लालबागला सगळं समान होतं असं मात्र कोणी समजू नये. गिरणीत साचाखात्यात आमच्या माणसाला घेत नसत, कारण धोट्यातलं सूत तोंडाने ओढून घ्यावं लागे आणि विटाळाची भीती. पगार साचेवाल्याला जास्त, आमचे सगळे रिंगखात्यात. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. राहण्याच्या चाळीसुद्धा बऱ्याच ठिकाणी वेगळ्या वेगळ्या होत्या. तरीपण नळ होता. पहाटे चारला पाणी यायचं, हंड्यांची रांग, आणि रांगेत पुढच्या बाईशी न बोलता उभं राहणं माणसाला जमत नाही. "काय गो, काल तुझा नवरा रातपाळीला गेला नाय वाटतं?" इथपासून सुरुवात. लालबागमध्ये सुरुवातीला भांडणं नळावरच झाली, आणि पुढे ओळखीही तिथेच झाल्या. आमची ही आजी १९५५ ला लग्न होऊन चाळीत आली. पहिलं वर्ष ती नळावर कोणाशी बोलली नाही, शेवटी उभी राहायची. पुढे तिची शेजारीण एक घाटावरची मराठ्याची बाई झाली. आजीच्या दुसऱ्या बाळंतपणात सव्वा महिना तिने पाणी भरून दिलं. गावी हे घडलं असतं का? आजी म्हणते, "घडलां नसता."

जानेवारी १९७४ मध्ये हे सगळं एका आठवड्यात फाटलं. वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल पेटली. १० जानेवारीला परळमध्ये पँथरच्या मोर्चावर वरून दगड पडून भागवत जाधव गेले. लालबागच्या चाळींत दारं बंद. नळावर रांग लागायची, पण कोणी कोणाशी बोलायचं नाही. आजीची ती शेजारीण पहिले आठ दिवस खाली मान घालून जायची. नवव्या दिवशी तिने हंडा खाली ठेवला आणि विचारलं, "पोरांना दूध मिळतंय का?" एवढंच. आम्हांला वाटतं, ह्या प्रश्नाचीही नोंद इतिहासात असायला हवी.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि बहुतेकांना परत जायला गिरणी उरली नाही. पुष्कळजण गावी गेले ते कायमचे. गावकीच्या खोलीची बैठक महिन्याची तिमाही झाली, मग वर्षाची. पुढे चाळ पाडून टॉवर झाला. खोली मोठी मिळाली, संडास घरात आला, नळ घरात आला. बायकांचे कष्ट वाचले, त्याबद्दल रडण्यासारखं काही नाही. जुन्या चाळीचं कौतुक करणाऱ्यांनी पहाटे चारला हंडा घेऊन एकदा उभं राहून बघावं. पण आजी आता अठराव्या मजल्यावर बसते. तिचं म्हणणं एवढंच आहे की दार वाजवल्याशिवाय कोणाच्या घरी जाता येत नाही, आणि दार वाजवून जायला काही काम लागतं.

गावीही तेच. वाडीत निम्म्या घरांना कुलूप. पडव्यांना ग्रिल. जे आहेत ते फोनवर. फोनवर बोलणं होतं, नाही असं नाही, पण रामदास कधी बुडाली हे फोनवर कोणी कोणाला सांगत नाही. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) हे पुस्तक केलं, ते चळवळीतल्या बायकांच्या घरी जाऊन, बसून, त्यांना बोलतं करून. आम्ही हे काम तीस वर्षं आधी सुरू केलं असतं तर आमच्याही हाताशी आज एका आजीऐवजी दहा असत्या.

असो. विहिरीचा निकाल काय लागला ते सांगायचं राहिलं. तिसऱ्या रविवारी आम्ही वही पुन्हा नीट वाचली. १९४९ च्या त्या पानावर खाली बारीक अक्षरात सिमेंट आणि रहाट यांचा खर्च आहे. खणण्याची मजुरी, सुरुंगाची दारू, दगड फोडणारा, यांतलं काहीच नाही. आजीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तो कठड्याचा खर्च. आधी कठडा नव्हता. एक बकरी पडली, मग बांधला." म्हणजे दोघंही खरे. विहीर १९४७ ची, कठडा १९४९ चा. आणि वही १९४८ मध्ये सुरू झाली, तिच्या आधीच्या वह्या कुठे गेल्या ते कोणालाच सांगता येत नाही. आजीला विचारलं, तर ती म्हणाली आधी वही नव्हतीच, सगळं तोंडी होतं.

आता एक गोष्ट बाकी आहे. पहिलं पाणी कोणाच्या घणाखाली लागलं यावर वाडीतल्या दोन घरांत आजही वाद आहे, आणि दोन्ही घरं आम्हांला जवळची, त्यामुळे आम्ही इथे काहीच लिहीत नाही. पण आजी सांगते की आतल्या बाजूला, पाण्याच्या वर हातभर, एका दगडावर कोणीतरी छिन्नीने काहीतरी कोरलेलं आहे. पावसाळ्यात ते पाण्याखाली असतं. मे महिन्यात पाणी खाली जातं तेव्हा दिसतं. आम्ही मे महिन्यात जाणार आहोत, दोर आणि बॅटरी घेऊन.